टाळूवरचा भोवरा

दिल्लीहून परत आले त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या शेवंताकाकूंनी मला दारातच गाठलं. कुतुबमिनार पाहिला का? नाही. लाल किल्ला? लांबून, रिक्षातून. मग संसद तरी? तिथून रिक्षा वळली, एवढंच. "मग आठवडाभर केलंस तरी काय गं?" काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. मी म्हटलं, लहान मुलांच्या हेल्मेटचा साचा केला. काशीला जाऊन कुणी नुसती वांगी घेऊन आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या उभ्या सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत एका पॅटर्न शॉपमध्ये काम करते. ओतकामाला लागणारे लाकडाचे आणि धातूचे साचे आम्ही मशीनवर कोरतो. मशीन दांडगं असतं, पण त्याला स्वतःची अक्कल नसते. टूलने, म्हणजे कापणाऱ्या हत्याराने, कुठून शिरायचं, कुठल्या वळणाने जायचं, कुठे कलायचं हे आधी संगणकावर बसून कुणीतरी ठरवावं लागतं. त्या रस्त्याला टूलपाथ म्हणतात, आणि तो आखणं ही माझी भाकरी. सपाट जागेवर हे काम कुणीही करील. फुगीर, वळत जाणाऱ्या पृष्ठावर खरी परीक्षा. तिथे टूलला तिन्ही दिशांना सरकावं तर लागतंच, शिवाय दोन बाजूंना झुकावंही लागतं. असं झुकणं जमणाऱ्या मशीनला पाच अक्षांचं मशीन म्हणतात.

उसाची सरी ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. टूल गेलं की बारीक सरी पडते आणि दोन सऱ्यांमध्ये वरंबा राहतो. सऱ्या जवळजवळ घ्या, पृष्ठ गुळगुळीत होतं, पण दिवस मोडतो. लांब घ्या, काम झटपट होतं, पण हाताला खरखर लागते. या दोन्हींच्या मधून वाट काढायची, हीच सगळी विद्या. ती मला येते, असा माझा समज होता.

मयूर विहार

सुनंदा मेश्राम माझी कराडच्या पॉलिटेक्निकातली खोलीवाली. मूळची चंद्रपूरची. शिक्षण संपल्यावर मी मशीनला चिकटले आणि ती परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला गेली. बरीच वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आता मयूर विहारला सोसायटीत स्वतःचा फ्लॅट आहे. यजमान बदलीवर भोपाळला, आणि घरात ती नि तिची लेक प्रज्ञा.

जानेवारी संपत आला होता तेव्हा तिचा फोन आला. "वैशू, पोरगी अडकलीये. तू ये. खरं सांगू? तिचं ते मशीन परत गेलं तर मला सुटल्यासारखं होईल. पण तिचं तोंड बघवत नाही यार."

मेट्रोच्या दारात ती मला घ्यायला उभी होती. अंगावर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल. मी कोल्हापूरचा पातळ स्वेटर घालून ऐटीत उतरले आणि दहा पावलांत माझे दात वाजायला लागले. आमच्याकडची थंडी सकाळी येऊन तोंड दाखवून जाते. दिल्लीची थंडी पाहुणी म्हणून येते आणि घरातलं माणूस होऊन बसते. लादीवर पाय टेकवत नाही, नळाचं पाणी बोटांना डसतं. पण दुपारी सोसायटीच्या बागेत ऊन आलं की सगळं म्हातारं-कोतारं खुर्च्या घेऊन खाली उतरतं, शेंगदाणे फोडतं, संत्री सोलतं आणि जगाची उणीदुणी काढतं. हा थाट मला फार आवडला. आमच्याकडे उन्हात असं राजरोस बसलं तर लोक विचारतील, बरं नाही का?

रात्री सुनंदाने पाटवडी रस्सा केला. विदर्भाचा रस्सा तिखट की कोल्हापूरचा, हा आमचा हॉस्टेलपासूनचा तंटा. पहिल्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं. मी म्हटलं, थंडीने येतंय. ती नुसती हसली आणि आणखी एक पळी वाढली.

प्रज्ञा जेवताना नुसती ताटात बोटं फिरवत होती. सत्ताविशीची, बारीक, आईसारखीच मोठ्या डोळ्यांची. चांगली नोकरी सोडून तिने नोएडात शेड घेतली होती आणि एक पाच अक्षांचं मशीन भाड्याने आणलं होतं. ते मशीन पुढच्या गुरुवारी परत जायचं होतं. त्याआधी एकच आशा होती. लहान मुलांची सायकल-हेल्मेटं करणाऱ्या एक अरोरा मॅडम होत्या. हेल्मेटचा फोम ज्याच्यावर फुगवतात तो डोक्याच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा साचा त्यांना हवा होता. एक साचा पसंत पडला तर सगळ्या साइजचं काम प्रज्ञाला, म्हणजे वर्षभर मशीन हलणार नाही. नापसंत झाला तर गुरुवारी ट्रक दारात.

"अट काय आहे?" मी विचारलं.

"एका शिफ्टमध्ये निघाला पाहिजे. हाताने पॉलिश चालणार नाही. आणि वरती कुठेही लाइन नको, कारण मग ती फोममध्ये उतरते आणि बच्च्याच्या डोक्याला टोचते," प्रज्ञा म्हणाली. "मावशी, मी केलेला पाथ दोन शिफ्ट खातो. मॅडमने ॲल्युमिनियमचे फक्त दोन ब्लॉक दिलेत. एक बिघडला तर चालेल, दुसरा नाही."

सुनंदा भात वाढत म्हणाली, "मी म्हणते, अजून वय आहे. एकदा परीक्षा दे. फॉर्म भरायला काय जातंय?"

प्रज्ञाने ताटातून वर पाहिलं नाही. मी पण भातात लक्ष घातलं, कारण दोघींचं मीठ खात होते.

नोएडा

प्रज्ञाची शेड एका गल्लीत होती. एका बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारा, दुसऱ्या बाजूला शाळेच्या बसेसची सीटं शिवणारा. मशीन चालवायला सतबीर होता, पन्नाशीचा हरयाणवी गडी, कानटोपी घातलेला. मी कोल्हापूरहून आले म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "चप्पल लाई हो, मैडम जी?" नंतर आलं घातलेला चहा आणला. त्यात एवढी साखर होती की चमचा उभा राहावा. साखरेच्या गावची मी, पण मलाही तो जड गेला.

मशीन मात्र देखणं होतं. मी भोवती फिरून पाहिलं आणि हसत म्हटलं, "आमच्याकडे कापायचा जॉब मांडी घालून बसतो आणि मशीनचं डोकं त्याच्यावर वाकतं. तुमच्याकडे उलटं. डोकं ताठ, आणि खालचं टेबलच जॉबला मांडीवर घेऊन झुलवतं."

"दिल्ली है जी," सतबीर म्हणाला, "यहाँ सिर कोई नहीं झुकाता."

आम्ही पोटभर हसलो. त्या हसण्यातच खरी गोष्ट माझ्या हातून निसटली, ते पुढे कळलं.

प्रज्ञाचा टूलपाथ मी पाहिला. तिने सरळ इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी नांगरट केली होती. पण बांधापाशी आलं की जसे बैल थांबवून वळवावे लागतात, तसं प्रत्येक ओळीच्या टोकाला मशीन थांबत होतं. निम्मा वेळ वळण्यातच जात होता. माझ्याजवळ याला जालीम उपाय होता. काठापासून सुरू करायचं आणि जिलबीसारखं गोल गोल फिरत टाळूपर्यंत चढायचं. एकच अखंड रस्ता, कुठे थांबणं नाही, वळणं नाही. शिरोलीत मी असे कितीतरी घुमट उतरवले होते.

दोन दिवस बसून मी तो रस्ता आखला. संगणकाच्या पडद्यावर टूल हळूहळू चढत जाताना इतकं गोजिरं दिसत होतं की प्रज्ञा म्हणाली, "मावशी, हे तर बिल्कुल मक्खन आहे." वेळ एका शिफ्टच्या आतच दिसत होता. दुपारी आम्ही गाडीवरचे छोले-कुलचे खाल्ले. हिरवी मिरची, कच्चा कांदा, लिंबू पिळलेलं. मी तीन कुलचे खाल्ले आणि कुणी काही म्हणालं नाही. दिल्लीचा हा मोठेपणा मानलाच पाहिजे.

शनिवारी पहिला ब्लॉक चढवला. टेबल संथपणे फिरू लागलं, टूल काठावरून चढू लागलं, काचेच्या दारावर पाण्याचे फवारे उडू लागले. दुपारपर्यंत खालचा अर्धा भाग आरशासारखा निघाला. सतबीरने मला अंगठा दाखवला. मी मनातल्या मनात कोल्हापूरला फोनही लावला होता.

टाळू जवळ आली तसं टेबल जोरात फिरू लागलं. वर जावं तसं वर्तुळ लहान, आणि लहान वर्तुळ त्याच वेगाने कापायचं तर टेबलाला गरगरावं लागणारच. शेवटी त्याला झेपेना. ते अडखळलं, आणि टूल पुढे जायचं सोडून एका जागी उभं राहून घासायला लागलं. कान किटणारा आवाज आला. सतबीरने झडप घालून लाल बटण दाबलं.

दार उघडून पाहिलं. ऐन टाळूवर रुपयाएवढा चट्टा पडला होता, लहान मुलाच्या डोक्यावर केसांचा भोवरा असतो ना, अगदी तसा.

माझ्या मशीनवर हे कधीच झालं नसतं. तिथे जॉब हलत नाही, मशीनचं डोकं दोन बाजूंना वाकून टाळूवरून आरामात पलीकडे जातं. इथे जॉब टेबलाच्या मध्यावर, टाळू बरोबर फिरण्याच्या आसावर. मी पडद्यावर दोन दिवस टूलकडे पाहत बसले आणि टेबल काय करतंय ते एकदाही पाहिलं नाही. ते वेगळं आहे हे मला ठाऊक होतं. त्यावर विनोदसुद्धा केला होता. तरी हात शिरोलीच्याच वळणाने गेला.

प्रज्ञाने चट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "कोई बात नहीं, मावशी." तिचा आवाज इतका समजूतदार होता की मला रडू कोसळायचं बाकी राहिलं.

कोपर्निकस मार्ग आणि सरोजिनी नगर

रविवारी शेड बंद. सुनंदा म्हणाली, चेहरे पाडून घरात बसू नका, चला. तिने आम्हाला कोपर्निकस मार्गावर नेलं. तिथे आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे. जाड भिंती, उंच छत, आणि कँटीनमध्ये थेट मराठी वास. दिल्लीतली मराठी मंडळी मिसळीची आठवण झाली की इथे येतात. मिसळ आली. पाव मऊ होता, फरसाण कुरकुरीत होतं, आणि कट पाहून मला वाटलं कुणीतरी आजारी माणसासाठी केलाय. "तिखट आहे ना?" सुनंदाने खोचकपणे विचारलं. मी मात्र वाटी पुसून खाल्ली.

शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार मुलं-मुली बसली होती. एक लातूरची, एक धुळ्याचा, दोघं गडचिरोलीकडचे. एका थाळीतून वाटून खात जगातल्या नद्यांवर वाद घालत होते. मी कोल्हापूरची म्हटल्यावर लातूरच्या मुलीने आपल्या पिशवीतला गुळाचा खडा माझ्यापुढे केला, घरून आलेला. सुनंदा त्यांच्याशी फार मायेने बोलली. कुठला अटेम्प्ट, कुठला विषय, खोलीत हीटर आहे का. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाली, "बघ, किती जिद्दीने करतात."

"मी पण जिद्दीनेच करतेय, आई," प्रज्ञा म्हणाली. "फक्त माझ्या जिद्दीला रोल नंबर नाही."

आधी लातूरची मुलगीच खुदकन हसली आणि मागोमाग सगळे हसले. सुनंदासुद्धा हसली, पण पदर सारखा करत करत.

तिथून सरोजिनी नगरला जायला रिक्षा केली. मार्केट उजव्या हाताला दिसत असताना रिक्षा डावीकडे पळायला लागली. मी ओरडले, "भैया, वो रहा ना मार्केट! उधर जाव ना!" माझ्या हिंदीला प्रज्ञा तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "माताजी, यू-टर्न आगे है." दिल्लीत समोर दिसणाऱ्या ठिकाणी जायचं तर आधी त्याच्यापासून लांब जावं लागतं. सुनंदाला त्यात काही वावगं वाटेना. ती म्हणाली, पहिल्या वर्षी मी पण रडायचे.

सरोजिनीत माणसांच्या पुरातून आम्ही वाहत गेलो. सुनंदाला त्या बाजाराची नस न् नस माहीत. "इथे कपडा हातात धरायचा, पण चेहऱ्यावर आवडल्याचं दाखवायचं नाही," तिने मला शिकवलं. मला नेमकं तेच जमत नाही. एका ढिगातून मी लालभडक साटीनची ओढणी ओढून काढली आणि "अगं बाई, हीच!" म्हणून मोकळी झाले. दुकानदाराने भाव तिथेच धरून ठेवला, एक पैसा खाली आला नाही.

"वैशू, या वयात लाल साटीन?" सुनंदा म्हणाली.

"माझ्यासाठी नाही. साच्यासाठी."

आमच्याकडे जुने पॅटर्नवाले तयार साच्यावर पातळ, घसरता कपडा टाकून त्याच्यावरून हात फिरवतात. उघड्या तळव्याला न कळणारा बारीक उंचवटासुद्धा कपड्याआडून कळतो, कारण कातडी अडकत नाही, फक्त उंचवटा लागतो. दुसऱ्या ब्लॉकवर रस्ता कुठला हे मला अजून सुचलं नव्हतं. ओढणी मात्र घेऊन ठेवली. उमेद धरायला काहीतरी हातात लागतं.

पुन्हा मयूर विहार

संध्याकाळी प्रज्ञाचं डोकं दुखायला लागलं. सुनंदाने खोबरेलाची बाटली हीटरसमोर ठेवली, कारण दिल्लीच्या थंडीत तेलाचा दगड होतो. शेजारणी मोहरीचं तेल लावतात, पण सुनंदाला तो वास डोक्याला सहन होत नाही. प्रज्ञा आईच्या पायांशी सतरंजीवर बसली. मी पलीकडे मटार सोलत होते. दिल्लीच्या हिवाळ्यात बसलेल्या प्रत्येक बाईच्या मांडीत मटाराची परात असते, पाहुणीही त्यातून सुटत नाही.

सुनंदाने कानामागून सुरुवात केली. कडेने तेल जिरवत जिरवत टाळूपाशी आली. प्रज्ञा ताठ बसलेली, त्यामुळे सुनंदाचे कोपर वर, बोटं एका जागी घुटमळायला लागली.

"मान कलती कर गं," ती वैतागून म्हणाली. "तुझ्या डोक्याभोवती मी काय फेर धरू?"

"कलती म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या लेकीने विचारलं.

"अशी," म्हणून सुनंदाने तिचं डोकं पुढे झुकवलं. आणि मग तिचा हात एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत सरळ, लांब, सलग फिरायला लागला. एकदा. मग त्याच्या शेजारून परत. टाळू वेगळी राहिलीच नाही, वाटेतली एक जागा झाली.

मी हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

"सुनंदा, परत कर."

"काय?"

"तेच. कानापासून कानापर्यंत."

सुनंदाने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण हात फिरवला. मी परात बाजूला सारून उठले आणि फणी घेऊन प्रज्ञाच्या तेलकट केसांत ओळी ओढायला लागले. "डोकं कलतं ठेवायचं, म्हणजे टाळू फिरण्याच्या मध्यावर येतच नाही. गरगरणं आलंच तर कपाळाच्या पलीकडे, साच्याबाहेरच्या सपाट कडेवर—"

"थांब, मावशी," खाली मान घातलेल्या प्रज्ञाचा आवाज आला. "नुसता ब्लॉक तिरका करून नाही चालणार. टूल प्रत्येक ठिकाणी साच्याला नव्वद डिग्रीत ठेवलं तर टेबल पुन्हा कुठेतरी घुमेलच. टूल पण थोडं मागे रेललेलं ठेवूया ना, सगळीकडे एकसारखं. त्याचं पुढचं टोक गोलच आहे, रेललं तरी तेवढंच कापेल."

तिचं बरोबर होतं. उलट जास्तच बरोबर होतं. गोल टोकाच्या टूलचा अगदी मधला बिंदू, भोवऱ्याच्या आरेसारखा, जागच्या जागी फिरतो. तो कापत नाही, नुसता घासतो. रेललेलं टूल कडेने कापेल आणि झिलई आणखी चांगली येईल. हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं तिला, तेही आईच्या गुडघ्यात डोकं खुपसलेलं असताना. मला इतका आनंद झाला की मी तिच्या तेलकट डोक्याचाच मुका घेतला.

"आणि टोकाला थांबायचं नाही," ती पुढे बोलतच होती. "वळताना छोटा गोल लूप घ्यायचा, साच्याच्या बाहेर."

"यू-टर्न," मी म्हटलं.

"माझं तेल लावून होऊ द्याल का दोघी?" सुनंदा ओरडली.

पुन्हा नोएडा

सोमवारी सतबीरने भंगारातून ॲल्युमिनियमची जाड पाचर कापून घेतली. तिच्यावर ब्लॉक तिरका बसवायचा होता. तो म्हणाला, "मैडम जी, यो तो टेढ़ा बैठ गया." मी म्हटलं, टेढ़ाच बिठाना है. त्याने मान हलवली, पण बोल्ट मात्र एकेक असे आवळले की पाचर जणू टेबलालाच उगवली.

या वेळी रस्ता प्रज्ञाने आखला. मी शेजारी बसून नुसते शेंगदाणे खाल्ले आणि पडद्यावर टूलकडे पाहायचं नाही, टेबलाकडे पाहायचं, एवढाच हेका धरला. टेबल कुठे दचकतंय का, कुठे जोरात वळतंय का. दोन ठिकाणी वळत होतं. तिथे तिने रेलणं थोडं बदललं आणि ते निवळलं.

मंगळवारी दुसरा, शेवटचा ब्लॉक चढला. पाणी सुरू झालं. टेबल या वेळी गरगरलं नाही. ते पाळण्यासारखं एका बाजूला झुकलं, परत आलं, पलीकडे झुकलं, परत आलं. टूल एका कानाकडून निघून दुसऱ्या कानाला पोचायचं, बाहेर छोटासा फेरा घ्यायचं आणि शेजारच्या सरीत शिरायचं. टाळू जवळ आली तेव्हा आम्ही तिघंही काचेला नाक लावून उभे होतो. सतबीरचा हात लाल बटणावर होता. टूल टाळूवर आलं आणि पलीकडे गेलं. आवाजही बदलला नाही.

"गई," सतबीर हळूच म्हणाला. त्याने बटणावरचा हात काढून कानटोपी काढली आणि परत घातली.

शिफ्ट संपायच्या आधी साचा बाहेर आला. मी लाल साटीन त्याच्यावर पसरलं, डोळे मिटले आणि हात फिरवला. कपाळ, टाळू, मान, दोन्ही कान. मग प्रज्ञाने फिरवला. मग सतबीरने, आधी हात साबणाने धुऊन. कुणालाच काही लागलं नाही. तरी प्रज्ञा हसेना. "उद्या मॅडमचा हात काय म्हणतो ते बघू," ती म्हणाली.

बुधवारी अरोरा मॅडम आल्या. बुटक्या, चपळ, कानात मोठे खडे. त्यांच्या पाठोपाठ दारात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून सुनंदा उतरली. शेड घेतल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. हातात डबा होता. "मटारभात केला होता. म्हटलं, हाफ डे टाकावा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि मशीनपासून लांब, दाराजवळच उभी राहिली.

मॅडमनी साचा उचलून खिडकीपाशी नेला. तिरक्या उजेडात धरला. अंगठी काढून पर्समध्ये ठेवली, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे कानांवरून टाळूकडे नेले. एकदा, दोनदा. टाळूवर थांबल्या. प्रज्ञा जमिनीकडे बघत होती.

"हाथ से पॉलिश किया है?"

"नहीं, मैडम," प्रज्ञा म्हणाली.

"टाइम?"

"एक शिफ्ट में, जी. लंच की छुट्टी काटके," सतबीर मध्येच बोलला.

मॅडमनी डोळे उघडले. "मेरी गाड़ी में अगले साइज़ का ब्लॉक पड़ा है. उतरवा लो." मग प्रज्ञाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "बाकी सब साइज़ भी तुम ही करोगी, बेटा."

प्रज्ञाने मशीनच्या मालकाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "भैया, कल ट्रक मत भेजिएगा," आणि तिथल्याच एका खोक्यावर मटकन बसली. मग हसायला लागली ती थांबेचना. सतबीर चहा सांगायला धावला. मी साटीनची ओढणी डोक्याला गुंडाळून फेटा केला. कोल्हापूरची बाई आहे, आणखी काय करणार?

सुनंदा अजून दाराशीच होती. ती हळूहळू आत आली आणि लेकीपुढे उभी राहिली. "मला वाटत होतं, हे गेलं तर बरं होईल," ती म्हणाली. "रोज वाटायचं. आज रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, जाऊ नये. मला माफ कर गं."

प्रज्ञाने तिच्या हातातला डबा घेतला, बाजूला ठेवला आणि तिचा हात धरून तिला मशीनपाशी नेलं. पुढच्या साइजची कच्ची कापणी तिने कुणालाही न सांगता आदल्या दिवशीच आखून ठेवली होती. सतबीरने नवा ब्लॉक पाचरीवर चढवला.

"आई, हिरवं बटण दाब."

"मी? आणि काही बिघडलं तर?"

"तर दुरुस्त करू. हे आता कुठे जात नाही."

सुनंदाने हात पदराला पुसला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि दोन बोटांनी बटण दाबलं. टेबल कललं, पाण्याचा फवारा काचेवर आदळला, आणि ती दचकून मागे सरकत आम्हा दोघींच्या दंडांना घट्ट धरून उभी राहिली. पहिला चकचकीत कीस उडाला तेव्हा इतकी वर्षं दिल्लीत राहून अच्छा-बिल्कुल करणारी माझी मैत्रीण थेट चंद्रपूरच्या आवाजात ओरडली, "चाल्लं ना वं पोरी! चाल्लं!"